खोटी गोळी

वजन पडलं याचं तिला फारसं काही वाटलं नाही. एक मिलिग्रॅमचं वजन म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नखाच्या पांढऱ्या कडेएवढा तुकडा, चिमट्यात धरता यावा म्हणून एक कोपरा वर मुडपलेला. शेजारी कुणी शिंकलं तरी उडून जातो. बावीस वर्षांत अशी तीन वजनं तिच्या हातून पडली होती आणि तिन्ही तिने गुडघ्यांवर बसून, भिंग घेऊन शोधून काढली होती. तिला लागलं ते वेगळंच. चिमटा तराजूच्या काचेच्या दारात होता, वजन अजून चिमट्यातच होतं, आणि शेजारच्या टेबलावरून दाबवालीचा हात पुढे आला. आधी हात आला, मग वजन पडलं. हा क्रम तिने त्या दिवशी मनातल्या मनात वीसेक वेळा तरी तपासला आणि प्रत्येक वेळी तो तोच निघाला. प्रयोगशाळेत सगळ्यांना आपापल्या मोजमापावरूनच ओळखत. दाबाची उपकरणं तपासते ती दाबवाली, तिच्या पलीकडचे तापमानवाले, आणि ही वजनवाली. नवरा सुरुवातीला म्हणायचा, तुझ्या ऑफिसात तुला वजन आहे म्हणायचं. अठरा वर्षं शेजारी बसून दाबवालीने तिच्या टेबलाकडे कधी हात केला नव्हता. "काय गं?" तिने विचारलं. "काही नाही. पडेलसं वाटलं," दाबवाली म्हणाली. "का वाटलं?" "अगं वाटलं म्हणजे वाटलं. त्याला काय कारण लागतं?" आणि मग, आपल्या यंत्राचा काटा उगाचच पुसत, "हल्ली तू चिमटा धरतेस तेव्हा ना... जाऊ दे. मलाच चष्मा बदलायला हवा." तिने भिंग आणलं, वजन शोधलं, पुसलं, पुन्हा तोललं. मग हात टेबलावर पसरून त्यांच्याकडे बघत बसली. टेबलावर ठेवलेले हात काय सांगणार? टेबल दगडी होतं. त्याच्यावर काहीही ठेवलं की स्थिरच दिसतं.

घरच्या डॉक्टरांनी मात्र एका मिनिटात चिठ्ठी लिहून दिली होती. ती गेली होती खांदा दुखतो म्हणून. जाता जाता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, तिने हाताचं विचारलं. "वडिलांना होतं का?" त्यांनी विचारलं. तिने पर्सची चेन लावायला घेतली, आणि त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चार ओळी खरडून कागद फाडून दिला. तो तिने चार घड्या घालून चष्म्याच्या घरात ठेवला. का, तर हरवू नये म्हणून. पण चष्म्याचं घर दिवसातून दहादा उघडावं लागतं, आणि दर वेळी ती घडी तिच्याकडे बघत असे. डॉक्टर नाकाला बोट लावायला सांगणार, कागदावर गोल गोल काढायला लावणार, आणि मग त्यांना जे वाटेल ते खरं. हे तिच्या पचनी पडेना. दुसऱ्याला काय वाटतं याला मोजमाप म्हणत नाहीत. मोजमाप म्हणजे आकडा, आणि त्या आकड्यापुढे किती चूक संभवते तो दुसरा आकडा. तेव्हा तिला नेमबाजी शिकवणारे मास्तर आठवले. मागच्या वर्षी शहराच्या नेमबाजी क्लबातून एक माणूस किलोचं वजन तपासायला घेऊन आला होता, वर टांगायचा आकडा असलेलं. हे कशाला लागतं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, पिस्तुलाच्या चापाला टांगतो. किलोभर वजन उचलून धरलं तर चाप कायद्यात, नाहीतर स्पर्धेतून बाद. तिने ते तोललं. एक हजार ग्रॅम आणि वर तीन दशांश निघाले. तो पूर्ण वेळ मास्तर तराजूकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होते. निघताना म्हणाले, "बाई, हा हात इथे वाया चाललाय. या कधीतरी." ते वाक्य वर्षभर कुठेतरी पडून होतं आणि आता एकदम कामाला आलं. दहा मीटरवर कागद, कागदावर भोकं. भोकं खोटं बोलत नाहीत, कुणाला काही वाटूनही घेत नाहीत. हात कापत असेल तर ती विखुरतील, नसेल तर एकत्र पडतील. इतकी स्वच्छ परीक्षा दुसरी कुठली मिळणार होती? नवऱ्याला तिने सांगितलं, छंद म्हणून जातेय. तो शाळेत भूगोल शिकवतो, वह्यांमधून मान वर न करता म्हणाला, "बरं. माझ्यावर राग असेल तर आधी तोंडी सांग म्हणजे झालं."

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीचं. आता नववा शनिवार होता आणि ती तिसऱ्या क्रमांकाच्या लेनमध्ये उभी राहून पुन्हा एकदा बटण दाबून कागद जवळ बोलावत होती. क्लब म्हणजे एक जुनं गोदाम, उंच छताचं आणि लांबट, खिडक्या विटांनी बुजवलेल्या. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा राखाडी फोम. हवेत जळक्या काडेपेटीसारखा, किंचित गोडसर वास, जो केस धुतल्यावरही उशीला येई. कानांवर झाकणं चढवली की आधी आपलाच श्वास ऐकू येतो, मग आपलीच गिळलेली थुंकी. डोळ्यांवर क्लबचा प्लॅस्टिकचा चष्मा, जो तिच्या चष्म्यावर नीट बसत नसे आणि तिसऱ्या गोळीला हमखास धुकाळे. कागद तारेवरून हेलकावे खात आला. दहा भोकं. पहिले चार शनिवार ती दहाच्या दहा काळ्या वर्तुळाच्या बाहेर असत, खाली, डावीकडे. कागद घड्याळ धरला तर सातच्या जागी. पहिल्या शनिवारी सातच्या जागी, दुसऱ्या शनिवारी सातच्या जागी, पिस्तूल बदललं तरी सातच्या जागी. "पिस्तुलाची माशी हललेली असेल," ती पहिल्या आठवड्यात म्हणाली होती. नळीच्या टोकावर उभं असलेलं ते लहान पोलादी पातं, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेत ती मधोमध बसवायची आणि मग चाप असा दाबायचा की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये, एवढंच काय ते शिकायचं असतं. मास्तरांनी पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, तोंडातली खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि पाच गोळ्या झाडल्या. कागद बोलावलाही नाही. तिने बोलावला. काळ्याच्या मधोमध एकच मोठं, पाच पाकळ्यांचं भोक होतं. "माशी बरी आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही दचकताय. गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबताय." "मला आवाजाची भीती वाटत नाही," ती म्हणाली. "भीतीचं नाव कोणी काढलं? मी मनगटाबद्दल बोलतोय." मास्तर कागदाकडे कधी बघत नसत, शिकणाऱ्याच्या हाताकडे बघत, आणि नेमकं हेच तिला सहन होत नसे. हात बघून निकाल देणारा माणूस तिला नको होता. तो तर चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेला होताच.

तेव्हा ती कागद गुंडाळून घरी न्यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, व्हर्नियरने, प्रत्येक भोक केंद्रापासून किती उजवीकडे-डावीकडे आणि किती वर-खाली ते मोजून चौकटीच्या वहीत उतरवायची. या कामात तिला शांत वाटे. आठवड्यातली तेवढीच काय ती शांत वेळ. आणि चौथ्या आठवड्यात तिला जे दिसलं त्याने ती जागची उठून उभी राहिली. भोकं केंद्रापासून अकरा सेंटिमीटर दूर होती, बरोबर. पण एकमेकांपासून नव्हती. सगळी मिळून एका कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसत होती. प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांना ती हेच तर शिकवायची, की चूक दोन जातींची असते. एक तराजू दर वेळी वेगळंच काहीतरी सांगतो. त्याला फेकून द्या, त्याचं काही होत नाही. दुसरा दर वेळी तेवढंच जास्त सांगतो. तो चांगला तराजू, त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवा, इतके वजा करा, आणि खुशाल वापरा. तिचा हात दुसऱ्या जातीचा होता. कापत नव्हता. एका ठिकाणी, इमानदारीने, चुकत होता. तिने त्या रात्री जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि नवऱ्याला उगाचच एक जुना विनोद सांगितला. आणि पुढच्या शनिवारी तिने तेच केलं जे तिच्या धंद्यातलं कुणीही केलं असतं. नेम अकरा सेंटिमीटर वर, उजवीकडे धरला. काळ्याच्या बाहेर, पांढऱ्या कोऱ्या कागदावर, एकच्या जागी. कुठेच नाही अशा जागी नेम धरून तिने दहा गोळ्या झाडल्या आणि कागद बोलावला, तर दहातल्या आठ काळ्यात. दोनच्या लेनमध्ये दातांची डॉक्टर असे, भारदस्त, हसरी, शनिवारचा दवाखाना आटोपून येणारी. ती झाकणं गळ्यात उतरवून आली, कागदाकडे बघून म्हणाली, "अहो बाई, हे काय एकदम? काल कुणाचं स्वप्न पडलं?" वजनवालीच्या गालांना ऊब आली. मग तीन आठवडे हे चाललं. वहीत भोकं केंद्राभोवती जमू लागली आणि चष्म्याच्या घरातली घडी, ती उघडताना, कधी कधी तिला दिसायचीच नाही.

आज, नवव्या शनिवारी, सगळं पुन्हा फिसकटलं होतं. नेम तोच, वर, उजवीकडे, आणि गोळ्या मात्र दोन काळ्यात, तीन त्याच्या डोक्यावरून, तीन पुन्हा सातच्या जागी आणि उरलेल्या दोन तिने धरल्या होत्या त्याच कोऱ्या जागेत. चिठ्ठी चिकटवलेला तराजू आपला स्वभाव बदलतो तेव्हा माणसाला जो संताप येतो, तो तिला आला. कुणावर, ते कळेना. चष्मा धुकाळला होता, उजव्या अंगठ्याच्या पेराला पिस्तुलाने घासून सालपट निघालं होतं, झाकणांखाली कानाच्या पाळ्या दुखत होत्या. ती स्वतःशीच पुटपुटली, "शिंच्या, एका जागी तरी चुक." मास्तर मागे उभे होते, किती वेळ कोण जाणे. "नळी कुठे चाललीय तुमची?" ते म्हणाले. "काळं तिकडे आहे, तुम्ही बघताय छताकडे." तिने सांगितलं. नीट, क्रमाने सांगितलं. सरासरी, पसारा, अकरा सेंटिमीटर, दुरुस्ती. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतला झाला, थंड आणि नेटका. मास्तरांनी खडीसाखर चघळायची थांबवली. "म्हणजे दचकायचं ते दचकायचंच," ते म्हणाले, "फक्त हिशेबात धरून." "दर वेळी सारखंच होत असेल तर काय बिघडलं?" "दर वेळी सारखं दचकणारं माणूस मी अजून पाहिलं नाही, बाई. आज निम्म्या गोळ्यांना दचकला नाहीत. निम्म्या बरोबर मारल्यात, म्हणून चुकल्यात." हे इतकं उघड होतं की तिला स्वतःची लाजच वाटली. मास्तरांनी पिस्तूल घेतलं, तिच्याकडे पाठ करून भरलं आणि टेबलावर ठेवलं. "पाच आहेत. काळ्यावर धरा. सरळ." तिने धरलं. पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्याला तिने चाप दाबला आणि आवाज आलाच नाही. नुसतं टिक् झालं, आणि त्या शांततेत तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की नळी एखाद्या पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी खाली, डावीकडे, कचकन वाकली आहे. काहीही झालेलं नसताना. धक्का नाही, आवाज नाही, आणि तिचा हात न आलेल्या धक्क्याला आवर घालायला पुढे धावला होता. मास्तरांनी पिस्तूल मोकळं केलं आणि तिच्या तळव्यावर एक लाल प्लॅस्टिकची गोळी ठेवली. आतून पोकळ, वजन असून नसल्यासारखं. अर्धा ग्रॅम, तिच्या तळव्याने सवयीने सांगितलं. "खोटी," मास्तर म्हणाले. "खऱ्यांमध्ये एखादी मिसळायची. खरी गोळी माणसाला झाकते. ही उघडं पाडते." पलीकडून दातांची डॉक्टर म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे रोज येतात असे. सुई अजून ट्रेमध्ये असते आणि हे आई गं म्हणून मोकळे." हे ती चांगल्या मनाने बोलली. वजनवालीला मात्र ती लाल गोळी तिथल्या तिथे कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात फेकून घरी निघून जावंसं वाटलं.

ती गेली नाही. बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या बाकावर जाऊन बसली, आणि तो हात, खाली वाकलेला, काहीच न झालेल्या जागी धावून गेलेला, तिला ओळखीचा वाटू लागला. तिचा नव्हता तो. आईचा होता. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे; नळांच्या वाटा, टाक्यांचे छेद, शाईने, पातळ पारदर्शक कागदावर. त्यांच्या रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक असे. ते चव्वेचाळीस वर्षांचे असताना घरात एक नवीन सवय आली आणि कुणी तिच्याबद्दल बोललं नाही. बाबांनी कप उचलला की आईचा हात कपाखाली जायचा, पसरलेला, बशीसारखा. आई बोलत असायची दुसऱ्याच कुणाशी, भाजीबद्दल, शेजारणीबद्दल, आणि हात आपला जायचा. मग मोठ्या भावाचाही जाऊ लागला. मग तिचा. चहाच्या वेळी बाबांच्या भोवती असे तीन तीन हात पुढे आलेले. बाबा सोशिक होते, कधी कुणावर ओरडले नाहीत, फक्त तेवढ्या एका वेळी कप तसाच हवेत धरून, दातांवर दात ठेवून म्हणायचे, "अजून सांडलेलं नाही." आणि तो रागच कपाला पुरत असे. चहा सांडे. आई फडकं घेऊन तयारच असे. तिला तेव्हा बाबांचा भयंकर राग यायचा, की आपण मदत करतो तर हे असे का. ते गेल्यावर, अगदी अलीकडे, भावाने त्यांच्या नकाशांची भेंडोळी तिच्याकडे आणून टाकली, आणि तिने, मोजमापवाली ती, ती तारखेप्रमाणे लावली, पहिली थरथरती रेघ कुठली ते शोधायला. सापडली नाही. सगळ्या रेघा शेवटच्या दिवसापर्यंत सरळ होत्या. तिला ते कोडं वाटलं, मग भिंगाखाली दिसलं. शेवटच्या दोन वर्षांतल्या रेघा सरळ होत्या, पण टोकांना जिथे थांबायचं तिथे थांबत नव्हत्या. केसभर पुढे निसटत होत्या. बाबा त्या झरझर ओढत होते. हात कापायला सवड मिळू नये म्हणून एका दमात, श्वास धरून, ओढून मोकळे होत होते. रेघ सुंदर यायची आणि नको तिथे संपायची. साहेबाने एकदा एका टाकीचा नळ भिंतीच्या पलीकडे गेल्याचं दाखवलं, आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून कचेरीत गेले नाहीत. बाकावर बसून तिने स्वतःचा उजवा हात पाहिला. अंगठ्याचं सालपट, तर्जनीवर चापाची खूण. कपाच्या तोंडाएवढ्या जागेत दहा भोकं. किती सुबक. एका दमात ओढून मोकळी झालेली.

ती आत गेली. "भरा," ती मास्तरांना म्हणाली. "कितीही खोट्या घाला." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाठ वळवून भरलं. पहिली खरी, सातच्या जागी. दुसरी खोटी, कोंबडी वाकली. तिसरी खोटी; वाकली. "तुम्हाला माहीत नाही ना पुढची कुठली ते?" "नाही." "मग कशाला ठरवून टाकता?" चौथी खरी. पाचवी खोटी; थोडी कमी वाकली. पुन्हा भरलं. पुन्हा. मास्तरांचा आवाज एकसुरी होता, गवंडी विटा मोजतो तसा: "घाई. घाई. परत घाई. हं. घाई." घाम चष्म्यावरून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एका क्षणी तिला वाटलं, हा माणूस आपला छळ करतोय. दुसऱ्या क्षणी, पिस्तुलाचा चापच खराब आहे. तिसऱ्या क्षणी, छपन्न किलो वजनाच्या, चार माणसांत मान असलेल्या बाईने शनिवारची दुपार एका गोदामात टिक् ऐकण्यात का घालवावी? तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी कागदाकडे, बोट बाहेर, शिकवलं होतं तसं, आणि म्हणाली, "मला नाही जमणार." "बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी समजूत घातली असती तर ती खरोखर निघाली असती. त्यांनी फक्त नवा कागद लावला, पुन्हा भरलं आणि ठेवलं. आता तिच्यात राग धरण्याइतकीही ताकद उरली नव्हती, म्हणून असेल. तिने पिस्तूल उचललं, माशी खाचेत आणली, चाप दाबायला सुरुवात केली आणि पुढे काय होईल याची चौकशी सोडून दिली. चाप मागे येत राहिला. टिक्. नळी जिथे होती तिथेच होती. "हं," मास्तर म्हणाले. पुढची खरी निघाली. आवाज झाला तेव्हा ती खरोखरच चकित झाली, झोपेत कुणी हाक मारावी तशी. पुढची. पुढची. आणि याच गोळ्यांच्या मधल्या वेळात, आता घाई नव्हती म्हणून, तिला पहिल्यांदा माशी दिसली. नऊ आठवडे ती माशीकडे बघत होती आणि तिने ती पाहिलीच नव्हती. दिसायच्या आत चाप ओढून मोकळी होत होती. माशी थरथरत होती. खाचेच्या मधोमध उभं राहून ते पोलादी पातं बारीक, सतत, एखाद्या पाण्यातल्या काडीसारखं हलत होतं. ना थांबत होतं, ना वाढत होतं.

तिने पिस्तूल खाली ठेवलं. कागद बोलावला. सात भोकं, सगळी काळ्याभोवती, सरासरी जवळपास केंद्रावर, हे मोजल्याशिवायही कळत होतं. आणि पसारा दुपटीहून जास्त. बशीएवढ्या जागेत विखुरलेली. "छान," मास्तर म्हणाले, या खेपेला चक्क कागदाकडे बघून. "माशी थरथरतेय," ती म्हणाली. झाकणं गळ्यात होती, तरी तिला स्वतःचा आवाज लांबून आला. "हो." "म्हणजे माझा हात कापतो." "सगळ्यांचा कापतो, बाई. जिवंत माणसाचा हात आहे." "माझा जास्त कापतो का?"  मास्तरांनी पिस्तूल उचललं, तिला आपल्या उजव्या खांद्याच्या मागे उभं केलं आणि हात लांब केला. "माझ्या खांद्यावरून बघा. माशीकडे." तिने पाहिलं. चाळीस वर्षांच्या सरावाचा तो हात, पाच पाकळ्यांचं भोक पाडणारा. आणि त्याच्या टोकाला पातं हलत होतं. कमी, पण हलत होतं. "ती थांबेल म्हणून वाट बघितली," मास्तर म्हणाले, "की मधेच एक क्षण थांबल्यासारखी वाटते, आणि माणूस त्या क्षणावर झडप घालतो. तिथेच बिघडतं. ती हलत असतानाच सोडायची. हलू द्यायची." त्यांनी चाप दाबला नाही. पिस्तूल मोकळं करून ठेवलं. "तुमचा जास्त कापतो की नेहमीचा, ते मला सांगता येणार नाही. मी मनगटाचा माणूस, त्याच्या आतलं मला दिसत नाही. पण तुम्ही मागच्या वर्षी ते वजन उचललं होतं ना, तेव्हाचा हात मी पाहिलाय. आणि आजचाही पाहिला. त्यावरून एवढंच म्हणेन की विचारून घ्या कुणाला तरी." हे त्यांनी खडीसाखरेचा कागद सोडवत, तिच्याकडे न बघता सांगितलं. म्हणजे यांनाही दिसलं होतं. पहिल्या दिवसापासून, कदाचित. तिला वाटलं होतं तसा धक्का बसला नाही. तिला आठवलं ते एवढंच, की तिच्या टेबलावर असं उपकरण आलं असतं, ज्याची स्वतःची चूक मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे, तर तिने ते शेरा मारून परत पाठवलं असतं. पाचशे गोळ्या, पन्नासेक कागद, एक चौकटीची वही; आणि यातून जे कळणारच नव्हतं ते ती यातून विचारत राहिली होती, मुद्दाम, नेटकेपणाने. दातांची डॉक्टर झाकणं काढून म्हणाली, "काय, आज लवकर?" "हो. एक फोन करायचाय," ती म्हणाली. बाकावर बसून तिने चष्म्याचं घर उघडलं. घड्या इतक्या मुरल्या होत्या की कागद चारही ठिकाणी पारदर्शक झाला होता, आणि डॉक्टरांच्या फोन क्रमांकातला एक आकडा नेमका घडीवर आला होता. तो तीन होता की आठ, हे तिला दोन फोन करून कळलं.

घरी आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. नवऱ्याने चहा करून ठेवला होता आणि तो टेबलाशी बसून वह्या तपासत होता. उजव्या हातात लाल पेन, डावा हात मोकळा. "नेम लागला का कुठे?" त्याने मान वर न करता विचारलं. "ठिकठिकाणी," ती म्हणाली. समोर बसली, कप उचलला. तेव्हा तिला ते दिसलं. त्याची नजर वहीवर होती, पेन कुठल्यातरी नदीच्या उगमावर काट मारत होतं, आणि डावा हात टेबलावरून चार बोटं पुढे सरकून, तळवा वर करून, तिच्या कपाच्या खाली येऊन थांबला होता. ती कप तसाच धरून राहिली. हात वाट बघत राहिला. "हे कधीपासून करतोस?" ती म्हणाली. "काय?" "हात." त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू कुणीतरी तो तिथे विसरून गेलं होतं. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "उन्हाळ्यापासून असेल," तो म्हणाला. "मला वाटलं तुला माहितेय." मग, टोपणाकडेच बघत, "मला वाटलं तुला माहितेय आणि तुला बोलायचं नाहीये." तिच्या तोंडाशी बाबांचे शब्द आले, आणि ते तिने बाबांसारखे म्हटले नाहीत, नुसतं एक निरीक्षण नोंदवावं तसे म्हटले. "अजून सांडलेलं नाही." त्याने हात मागे घेतला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून मांडीखाली घातला. दोघेही कपाकडे बघत राहिले. चहाच्या पृष्ठभागावर मधून कडेकडे एक बारीक वलय जात होतं, मग दुसरं, मग तिसरं. झटकन घोट घेऊन मोकळं व्हावं असं तिच्या हाताला वाटलं. तिने ते त्याला करू दिलं नाही. कप हळूहळू, हलत हलत, वर आणला. एक थेंब कडेवरून निसटला आणि उघड्या वहीवर, नदीच्या थोडा डावीकडे, पडला. "आता सांडलं," ती म्हणाली, आणि घोट घेतला. चहा चांगला झाला होता, साखर बेताची. "मंगळवारी साडेदहाची वेळ मिळालीय. मेंदूच्या डॉक्टरांकडे." "मंगळवारी माझे दोन तास आहेत," तो सवयीने म्हणाला, मग मांडीखालचा हात काढून वही पुढे ओढत म्हणाला, "तापमानवाल्याला... नाही, ते तुमच्याकडचे. इतिहासवाल्याला सांगतो घ्यायला. येतो मी." त्याने फडकं आणलं नाही. थेंब कागदात मुरेपर्यंत थांबला, मग लाल पेनाने त्याच्याभोवती एक गोल काढला, आणि वहीवाल्या मुलाला घरी उगाच बोलणी बसू नयेत म्हणून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, हे आमच्याकडून.